रुपयाभार हिंग आणि मूठभर सांबार

गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस पुण्याहून सूनबाईचा फोन आला. आवाज अगदी रडवेला.

"आई, आजींच्या वहीप्रमाणे सगळं काटेकोर केलं हो. एक ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि मसाला कडूजार झाला!"

वही म्हणजे माझ्या सासूबाईंची पाककृतींची वही. तिची पाने आता इतकी जीर्ण झाली आहेत, की मी ती कुणाच्या हाती देत नाही. सूनबाईने फारच आग्रह धरला, म्हणून मुलाकडून तिच्या पानांची छायाचित्रे काढवून तिच्याकडे पाठवली होती. पहिल्याच दिवशी तिने विचारले होते, "आई, वडीला सांबार तीन जुड्या असं लिहिलंय. सांबारचा मसाला पाकिटात मिळतो ना? जुडी कुठली?" तेव्हा मी पोट धरून हसले होते. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांचा सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या मुलीला कोण सांगणार? यवतमाळच्या बाजारात आजही भाजीवाली हाक मारते, "घ्या न जी बाई, ताजा सांबार!" तिथे इडलीबरोबरच्या सांबाराचा काही संबंध नसतो.

तो घोटाळा हसण्यावारी गेला. मसाल्याचा मात्र जाईना. मी तिला म्हटले, "अगं, काय काय किती घेतलंस, ते एकेक करून सांग बघू."

"वहीत धने शेर आहेत. एक शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम. म्हणून धने नऊशे तेहतीस. दगडफूल चिपटं. चिपटं म्हणजे पाव शेर, म्हणजे दोनशे तेहतीस ग्रॅम. दुकानदार म्हणाला सुद्धा, बाई, घरी लग्नकार्य आहे का म्हणून! आणि हिंग रुपयाभार. मी रुपयाचं नाणं काट्यावर ठेवलं, चार ग्रॅमांच्याही आत भरलं. तेवढा हिंग घेतला."

माझ्या सारा प्रकार ध्यानात आला. पोरीचे गणित एका अर्थी बिनचूक होते. पण जे तोलायचे ते तिने मापले नव्हते आणि जे मापायचे ते तिने तोलले होते.

वाचकहो, मी काही पाकशास्त्रातली पंडित नव्हे. यवतमाळच्या एका शाळेत तीस वर्षे मुलांना गणित शिकवले, एवढीच माझी विद्या. पण त्या दिवशी सूनबाईला जे समजावून सांगितले, ते दिवाळीच्या दिवसांत घरोघरी उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भाषेत तोलणे आणि मापणे हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नव्हेत. तोलायचे ते तराजूत. मापायचे ते भांड्यात. सोनाराच्या तराजूत आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. वाण्याकडे पाच तोळ्यांची छटाक, वीस तोळ्यांचा पावशेर आणि ऐंशी तोळ्यांचा शेर. हा झाला वजनी शेर. धान्य मात्र पुष्कळ ठिकाणी मापून देत. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. हा झाला मापी शेर. नाव एकच, पण एक तराजूतला आणि दुसरा भांड्यातला! त्यातही पायली गावोगावी निराळी. एका गावची पायली दुसऱ्या गावी नेली, तर भांडण ठरलेले.

सासूबाईंचे माहेर सातारकडचे आणि सासर यवतमाळचे. त्यामुळे त्यांच्या वहीत दोन्हीकडची भाषा नांदते. मसाला माहेरचा, म्हणून तिथे चिपटे आणि मापटे. वड्या सासरच्या, म्हणून तिथे सांबार. त्यांच्या लेखी सुके, हलके, पसरट जिन्नस हे मापायचे, आणि हिंग, केशर, जायपत्री असे किमती जिन्नस तोलायचे. कशापुढे काय आहे, हे त्या लिहीत नसत. त्या काळी ते सांगावे लागत नव्हते.

मी स्वतः अमरावतीला तिसरीत होते, तेव्हाची गोष्ट मला चांगली आठवते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले होतेच. पुढे १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात ठरावीक ठिकाणी नवी मेट्रिक वजने सुरू झाली आणि १९६२ च्या एप्रिलपासून ती सक्तीची झाली. आमचे मास्तर एका फळ्यावर तोळे-मासे आणि दुसऱ्या फळ्यावर ग्रॅम-किलोग्रॅम लिहीत. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, छटाक म्हणजे ५८ ग्रॅम, शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, हे आम्ही परवच्यासारखे घोकले. घरी आई मात्र म्हणायची, "तुमचा किलो राहू द्या शाळेत. मला पावशेर साखर आण." कायद्याने वजने बदलली, पण स्वयंपाकघरातल्या वह्या कुणी बदलल्या नाहीत. त्या तशाच लेकीसुनांकडे आल्या.

आता सूनबाईची चूक कुठे झाली, ते पाहा. सासूबाईंचे पितळी चिपटे अजून माझ्याकडे आहे. त्यात पाणी भरून पाहिले, तर अडीचशे मिलिलिटरच्या किंचित खाली भरते. त्या चिपट्यात दगडफूल भरून काट्यावर ठेवले, तर पंधरा ग्रॅमदेखील धड भरेना! दगडफूल म्हणजे नुसता पापुद्रा, वाऱ्यावर उडणारा. सूनबाईने तिथे दोनशे तेहतीस ग्रॅम घातले. त्याच मापाने शेरभर धने, म्हणजे चार चिपटी, मोजले तर सव्वातीनशे ग्रॅमांच्या आसपास भरतात. तिने नऊशे तेहतीस घेतले. म्हणजे धने झाले तिपटीच्या आत आणि दगडफूल झाले पंधरा पट. मग मसाला कडू होणार नाही तर काय होणार?

हिंगाची तऱ्हा उलटी. रुपयाभार म्हणजे आजच्या रुपयाएवढे नव्हे. जुना चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, म्हणून रुपयाभार म्हणजे तोळाभर. आजचा रुपया त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नाही. रुपयाची किंमत घसरली हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचे वजनही घसरले आहे, हे सूनबाईमुळे मला नव्याने उमगले!

ही सारी मखलाशी मला आज सांगता येते, ती माझ्या हुशारीमुळे नव्हे. ती मला एका चुकीने शिकवली, आणि ती चूक आठवली की अजून अंगावर काटा येतो.

१९९४ साली सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे अडखळू लागले. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी बजावले, "दिवसभरात सगळं मिळून एक चमचा मीठ. त्यावर कणभर नाही." मी गणिताची मास्तरीण. नियम म्हणजे नियम. रोज सकाळी एक चमचा मीठ मोजून एका वाटीत काढून ठेवायची आणि त्यांचे वरण, भाजी, कढी सगळे त्यातच करायची. महिना झाला तरी रक्तदाब उतरेना. डॉक्टर विचारात पडले. मी शपथेवर सांगितले, की एका चमच्याच्या वर मीठ गेलेले नाही.

एके दिवशी सासूबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. मी वाटीत मीठ काढत होते. त्यांनी डाव्या हाताने देव्हाऱ्याकडे बोट दाखवले. मला वाटले, देवाचे काही हवे आहे. त्या मान हलवत आणि पुन्हा बोट दाखवत. शेवटी कळले. देव्हाऱ्याच्या खणात त्यांची छोटी सोनाराची तागडी होती आणि लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये होते. त्यांना ते हवे होते.

मी तागडी धरली. एका पारड्यात माझा एक चमचा मीठ आणि दुसऱ्यात राणीछाप रुपया. मीठ खाली गेले. आणखी अर्ध्या तोळ्याचे वजन टाकावे लागले, तेव्हा कुठे तागडी समतोल झाली. माझा चमचा म्हणजे आमच्या घरातला पोह्याचा चमचा, तोही शिगोशीग. त्यात दीड तोळा, म्हणजे सतरा ग्रॅमांच्यावर मीठ मावत होते! डॉक्टरांच्या मनातला चमचा लहान, चहाचा, पाच मिलिलिटरचा आणि वरून सपाट केलेला. त्यात पाच-सहा ग्रॅम मीठ राहते. जागतिक आरोग्य संघटना आज मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमांहून कमीच मीठ सांगते. मी महिनाभर माझ्या सासूला तिप्पट मीठ घालत होते, आणि तेही मोठ्या निष्ठेने!

दोष डॉक्टरांचा नव्हता. "चमचा" या शब्दाचा अर्थ विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. त्या दिवसापासून मीठ तागडीवर, अर्धा रुपयाभार. पुढच्या दीड-दोन महिन्यांत रक्तदाब हळूहळू उतरत गेला. औषधेही चालूच होती, म्हणून सारे श्रेय मी तागडीला देत नाही. पण त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला त्या रुपयांवर हळदकुंकू वाहताना माझे डोळे भरून आले होते, हे खरे.

मीठ कमी केले, की जेवण अळणी लागते. म्हणून सांबार, पुदिना, कढीलिंब, ओवा, लिंबू यांवर भर द्यावा लागला. आणि सासूबाईंच्या वहीशी माझी खरी ओळख तेव्हा झाली. त्या वहीत जागोजागी "मूठ", "चिमूट", "बोटभर" असे लिहिलेले. मी त्यांच्या हाताखाली बावीस वर्षे राबले होते, तरी मी माझ्याच मुठीने घालत आले होते. एक दिवस मनात आले, ही मूठ कुणाची? त्यांचा उजवा हात आता मूठ वळू शकत नव्हता. मी त्यांच्या डाव्या हातात धने दिले आणि म्हटले, "सासूबाई, तुमची मूठ भरा." त्यांनी भरली. ती तागडीत घातली. दोन तोळ्यांना जरा अधिक. मग माझी मूठ भरली. ती पावणेतीन तोळे! म्हणजे इतकी वर्षे त्यांच्या वहीतल्या प्रत्येक मुठीमागे मी तिसरा हिस्सा अधिक टाकत होते. "तुझ्या हातचा मसाला जरा उग्र होतो," असे त्या म्हणायच्या, ते मला सासुरवास वाटायचे!

त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी मिळून सारी वही तोलून काढली. त्या डाव्या हाताने चिमूट धरत, मी तोलत असे आणि वहीच्या समासात पेन्सिलीने आकडे लिहीत असे. सूनबाईला पाठवलेल्या छायाचित्रांत तो समास कापला गेला होता. घोटाळ्याचे मूळ तिथेच!

आता ओल्या आणि वाळल्या पाल्याविषयी. ही गोष्ट आपल्या वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे, की वाळलेल्या वनस्पतीचे जे प्रमाण असेल, त्याच्या दुप्पट ओली वनस्पती घ्यावी. अडुळसा, गुळवेल, शतावरी अशा काहींना मात्र ही दुप्पट लागू नाही, कारण त्या ओल्याच घ्यायच्या असतात. त्याच ग्रंथात कुडव या मापाचे भांडे कसे करावे, तेही दिले आहे. माती, लाकूड, बांबू किंवा धातू यांचे, चार अंगुळे रुंद आणि चार अंगुळे उंच. आमच्या विदर्भातल्या शेतकऱ्यांचाही धान्याचा कुडव असे, पण तो कित्येक पायल्यांचा. नाव तेच, माप निराळे. म्हणजे हा गोंधळ काही आजचा नव्हे!

स्वयंपाकाचा हिशेब वैद्यकाहून जरा वेगळा. सांबार, मेथी यांच्या ओल्या पानांत शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद भाग पाणीच असते. पावकिलो निवडलेली मेथी सावलीत वाळवली, तर हातात तीस-पस्तीस ग्रॅम उरते. भांड्याच्या मापाने पाहायचे, तर तीन चमचे चिरलेल्या ओल्या पाल्याऐवजी एक चमचा वाळलेला चुरा, असा ढोबळ नियम आहे. मेथीला तो छान लागू पडतो. सांबाराला मात्र नाही. तो वाळला, की त्याचा वासच जातो, मग तीन चमचे घाला की सहा. सांबार ओलाच हवा.

आणि जुडीचे काय? आमच्या बाजारात मार्गशीर्षात जी जुडी निवडून दीडशे ग्रॅम पाला देते, तीच वैशाखात पन्नास ग्रॅम देत नाही. म्हणून तीन जुड्या हे प्रमाणच नव्हे. सांबारवडीसाठी पाला निवडावा, धुवावा, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा करावा आणि मग तोलावा. ओला तोलला तर पाण्यालाच तोलल्यासारखे होते, आणि वडी तळताना फुटते ती वेगळीच. चिरलेला सांबार वाटीने मापायचा झाला, तर सैल भरली की दाबून भरली, ते लिहून ठेवावे. माझ्या वाटीत सैल भरला तर बारा ग्रॅम मावतो, दाबून भरला तर तीस.

ही वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी मावणारी. तिच्यात काय किती भरते, ते माझ्या समासातून देते. धने पन्नास ग्रॅम, जिरे पासष्ट, मिरे पंच्याऐंशी, खसखस नव्वद, मीठ एकशे ऐंशी आणि दगडफूल अवघे नऊ! एकच वाटी, पण नऊपासून एकशे ऐंशीपर्यंत तिची रूपे. म्हणून "एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?" या प्रश्नाला उत्तर नाही. "कशाची वाटी?" हे आधी विचारले पाहिजे.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत बोस्टनच्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात चमचा आणि कप सुरीने सपाट करून मापायला सांगितले, आणि तिथल्या गृहिणींना शिस्त लागली. तरी आजही अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, जपानचा २०० चा. मोठा चमचा इतरत्र १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० चा! आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. त्यांनी वाटी-चमच्याच्या प्रमाणात पदार्थ सांगितले आणि नव्या सुनांची मोठी सोय झाली. वाटीचे प्रमाण काही वाईट नव्हे. सारे जिन्नस एकाच वाटीने घेतले, तर वाटी लहान असो की मोठी, पदार्थ साधतो. बिघडते ते अर्धे जिन्नस वाटीने आणि अर्धे ग्रॅमने घेतले की.

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीत फराळाच्या गडबडीतून एक दुपार काढा. घरातला छोटा काटा आणि आपली रोजची वाटी व चमचा घ्या. आधी वाटीत पाणी भरून तोला, म्हणजे वाटी किती मिलिलिटरची ते कळेल. मग तीच वाटी धने, जिरे, तीळ, खसखस, रवा, बेसन यांनी एकेकदा भरून, वरून सपाट करून तोला आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. हिंग मात्र वजन बरोबर असूनही फसवतो. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात पीठ मिसळलेले असते, म्हणून शुद्ध की बांधणीचा, तेही लिहा. आणि घरात आई, सासू, आजी, आत्या कुणी असेल, तर तिची मूठ आणि तिची चिमूट आजच तोलून घ्या. बाकी सारे कोष्टक उद्याही करता येईल. ते मात्र नाही.

सासूबाई २००३ साली गेल्या. त्यांच्या हाताची मूठ आता कुठे मिळणार? पण ती पंचवीस ग्रॅमांची होती, एवढे मला ठाऊक आहे.

सूनबाईने समासातल्या आकड्यांप्रमाणे मसाला पुन्हा केला. लक्ष्मीपूजनाला दोघे यवतमाळला आली, तेव्हा डबा घेऊन आली. मी झाकण उघडून वास घेतला आणि क्षणभर काही बोलवेना. मग देव्हाऱ्याच्या खणातला एक राणीछाप रुपया काढून तिच्या हातावर ठेवला.

"आई, हा पूजेचा आहे ना?"

"पूजेचाही आहे," मी म्हटले, "आणि हिंगाचाही. जपून ठेव. आणि काट्यावर ठेवायचा तो हा, तुझ्या पर्समधला नव्हे!"